नवव्या क्रॉसचे पाणी

६ नोव्हेंबर १९६०, रविवार

आज चिठ्ठ्या निघाल्या. वसाहतीच्या सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती. माझा आग्रह होता की हे काम संख्याशास्त्राच्या कोष्टकावरून, टेबलाशी बसून, शांतपणे व्हावे. डॉक्टर सुधींद्र म्हणाले, "तुझ्या पुस्तकातले आकडे लोकांना दिसत नाहीत, उपेंद्र. चिठ्ठी दिसते. चिठ्ठीवर कोणी भांडत नाही." डॉक्टर आमच्या आरोग्य संशोधन संस्थेचे प्रमुख. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. माणसे ते माझ्याहून चांगली ओळखतात, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा पितळी घागर आली आणि तीत बारा चिठ्ठ्या पडल्या. सहांवर 'यंदा', सहांवर 'पुढल्या वर्षी'.

या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत बारा गल्ल्या आहेत. बंगळुरात गल्लीला क्रॉस म्हणतात. दर क्रॉसमध्ये बारा घरे. ज्या सहा क्रॉसना 'यंदा' निघाले, तिथे अनुसूयाबाई आणि त्यांच्या दोघी सोबतिणी दर आठवड्याला घरोघर जाऊन बायकांना चार गोष्टी शिकवणार. पिण्याचे पाणी उकळा. झाकून ठेवा. पाण्यात हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. पोराला भरवण्याआधी साबणाने हात धुवा. उरलेल्या सहा क्रॉसमध्ये कोणी चकार शब्द काढायचा नाही. सहा महिने दोन्हीकडच्या पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाब मोजायचे. शिकवण्याने फरक पडला तर हे काम राज्यभर न्यायचे, नाही पडला तर बंद करायचे. इतके सरळ आहे.

नववा क्रॉस आमचा. त्याला 'पुढल्या वर्षी' निघाले. घरी आलो तर प्रतिमा दारातच उभी. "आपल्याला काय निघालं?" मी सांगितले. "म्हणजे आपण वर्षभर अडाणीच राहायचं तर," ती म्हणाली. मी म्हणालो, शहाणे कोण आणि अडाणी कोण, तेच तर अजून ठरायचे आहे.

९ नोव्हेंबर

संस्थेत एकाने विचारले, स्वतःचे घर नवव्या क्रॉसमध्ये असून तुम्ही गप्प कसे बसणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो.

आमचे घर मी मोजणीतून वगळले आहे. पण घरात काही बदलायचेही नाही असे ठरवले आहे. मी इथला पाण्याचा साहेब. माझ्या चुलीवर पाण्याचे पातेले चढले की आठ दिवसांत क्रॉसभर चढेल, आणि मग तुलना कशाशी करायची? दुसरे कारण जास्त खरे आहे. शेजाऱ्यांपासून जे लपवायचे ते माझ्या घरालाही मिळता कामा नये. माझी छबी दोन वर्षांची आहे. शेजारची पोरे जे पाणी पितात तेच ती पिईल. नाहीतर या लोकांना तोंड कसे दाखवू?

आणि पाणी उकळल्याने पोर वाचते हे ठरवले कोणी? पुण्याला अरविंदच्या वेळी आम्ही उकळतच होतो. डॉक्टरांनी सांगितले म्हणून प्रतिमा पहाटे उठून पातेलेभर पाणी उकळून ठेवी. अकरा महिन्यांचा अरविंद जुलाबांनी चार दिवसांत गेला. तेव्हा जो तो छातीठोकपणे सांगत होता. एक म्हणाला दात येताहेत, दुसरा म्हणाला दूध बाधले, तिसरा म्हणाला दृष्ट लागली. ठाऊक कोणालाच नव्हते. त्या छातीठोक माणसांचा मला आजही संताप येतो. मला एकदा ठाऊक करून घ्यायचे आहे, बाकी काही नको.

प्रतिमाशी यातले काही बोललो नाही. अरविंदचे नाव आमच्या घरात निघत नाही.

५ डिसेंबर

धडे सुरू झाले. अनुसूयाबाई इथल्याच जुन्या मराठी घरातल्या, कामाला वाघीण आणि तोंडाने फटकळ. इथली माणसे 'बरे'ला 'सरी' म्हणतात. मी त्यांना पुन्हा एकदा बजावले की 'पुढल्या वर्षी'च्या क्रॉसमध्ये कोणी विचारले तरी सांगायचे नाही. त्या म्हणाल्या, "आठव्या क्रॉसमध्ये बोलायचं आणि नवव्यापुढून तोंड शिवून जायचं. सरी, शिवते. पण अण्णा, हे पाप तुमच्या वहीत लिहा. माझ्या नको." लिहिले.

संध्याकाळी शेजारी गेलो होतो. शेजारी अहल्या अक्का आणि त्यांचा मुलगा उमाकांत, कारखान्यात टर्नर. उमाकांतची बायको जूनमध्ये बाळंतपणात गेली. पोर जगले, प्राणेश त्याचे नाव. अक्कांना वैधव्य येऊन वीस वर्षे झाली, आता या वयात सहा महिन्यांचे पोर सांभाळतात. त्याला गाईचे दूध पाणी घालून पाजतात. मी बसलो असतानाच त्यांनी कळशीत पेला बोटांसकट बुडवला आणि ते पाणी दुधात ओतले. अनुसूयाबाईंच्या चारही गोष्टींच्या बरोबर उलट. मी जीभ आवरली. "बसा की अण्णा, स्वल्प कॉफी घ्या," त्या म्हणाल्या. मी कॉफी घेतली आणि घरी आलो.

१६ जानेवारी १९६१

प्रतिमा आज चौथ्या क्रॉसमध्ये कल्पनाबाईंकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली होती. हसत गेली आणि परतली ती डोळे सुजवून. काय झाले विचारले तर म्हणे, "काही नाही. तिळगूळ घशात अडकला." मग स्वयंपाकघरात पाण्याच्या कळशीसमोर किती तरी वेळ नुसती उभी होती. चौथा क्रॉस 'यंदा'चा, आणि तिथल्या बायकांना हल्ली बोलायला विषय भरपूर. त्यातल्याच कोणीतरी मुलाबाळांवरून टोचून बोलले असणार. मी फार खोदून विचारले नाही.

२३ जानेवारी, रथसप्तमी

आमच्याकडचे हळदीकुंकू पार पडले. मला दुपारी तीनलाच घराबाहेर काढले होते. वाण लुटायला प्रतिमाने सिटी मार्केटातून पोते भरून भांडी आणली. काय आहे ते बघायला वाकलो तर म्हणाली, "बायकांच्या वाणात पुरुषांनी नाक खुपसू नये." चाळीसेक जणी आल्या, मराठी, कन्नड, तमिळ, तेलुगू सगळ्या. हळदीकुंकू यांच्यातही असतेच. दर बाईपाशी प्रतिमा पाच-पाच मिनिटे काही तरी समजावून सांगत होती. शब्द ऐकू येत नव्हते, आवाज येत होता. अरविंद गेल्यापासून तिला इतकी बोलकी मी पाहिली नव्हती. फार बरे वाटले.

मी अक्कांच्या पायरीवर अवरेकाळू, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगा, सोलायला मदत करत बसलो. प्राणेश त्यांच्या मांडीवर झोपला होता. आमच्या दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडे बघत त्या म्हणाल्या, "प्रतिमानं पुष्कळ जणींना बोलावलं. चांगलं केलं. घर असं भरलेलं दिसलं पाहिजे."

२० फेब्रुवारी

महिन्याचे सरपण वीस दिवसांत संपले. वखारीत जाऊन मालकाला फैलावर घेतले की लाकूड ओले देतोस. तो म्हणाला, "सगळ्यांचंच जास्त लागतंय सार. यंदा थंडी जास्त." पटण्यासारखे आहे. पाण्यालाही हल्ली धुराचा वास येतो. प्रतिमाला म्हटले तर म्हणाली, नळालाच तसे येत असेल. नगरपालिकेला पत्र लिहायचे आहे.

१९ मार्च

आकडे बरे नाहीत.

रघुजी म्हणून निवृत्त पोस्टमन आहेत, ते दर शनिवारी बाराही क्रॉस फिरून आजारी मुले टिपून आणतात. कोणता क्रॉस कोणत्या चिठ्ठीचा हे त्यांना मुद्दामच सांगितलेले नाही. म्हातारा काटेकोर आहे, त्याच्या कामात खोट नाही. आज सगळे मांडले. 'यंदा'च्या क्रॉसमध्ये अकरा मुले आजारी, 'पुढल्या वर्षी'च्या क्रॉसमध्ये तेरा. हा फरक नव्हेच. आणखी एक कोडे आहे. कारखान्याच्या दवाखान्याची वही चाळली, तर गेल्या वर्षी याच दिवसांत साठ मुले आजारी होती. यंदा साथच आलेली नाही असे दिसते.

डॉक्टर सुधींद्र म्हणाले, मेपर्यंत असेच राहिले तर सरकार हे काम बंद करील आणि अनुसूयाबाईंसकट तिघी घरी बसतील. मला वाईट वाटायला हवे होते. पण खरे सांगायचे तर एका कोपऱ्यात हायसे वाटले. शिकवून काही होत नसेल, तर अरविंदसाठीही कोणाला काही करता आले नसते.

हे दुसऱ्या कोणाला सांगणार? जेवताना प्रतिमाला इतकेच म्हणालो की पाणी उकळून काही होत नाही असे दिसते, दोन्हीकडे सारखेच आहे. तिने मान वर करून माझ्याकडे बघितले. तव्यावरची पोळी करपली तरी तिचे लक्ष नव्हते.

११ एप्रिल

प्राणेशला काल रात्रीपासून जुलाब. अक्का सकाळी दारात आल्या, पदराने घाम पुसत. पोराचे डोळे खोल गेले आहेत आणि तोंडात ओल नाही. मला बघवले नाही. हे डोळे मी आधी पाहिले आहेत. उमाकांतबरोबर टांग्यातून मीच त्याला इस्पितळात नेले.

१३ एप्रिल

सलाईन लावले आहे. इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, निभावेल.

दुपारी डॉक्टर सुधींद्रांच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्याच विचारले, "एका घराला सांगू का?"

ते चष्मा पुसू लागले. "एका घराला सांगितलंस, तर त्या सहा क्रॉसमधल्या बाकीच्यांना का नाही? आणि सगळ्यांना सांगितलंस तर सांगण्याचा उपयोग होतो की नाही ते कधी कळणार?" मग म्हणाले, "पण नियम तू केलेस. मोडायचा तर तूच मोड. मी स्वल्पही रागावणार नाही."

रागावले असते तर बरे झाले असते. सांगू नको म्हणून दरडावले असते तर मी हटकून सांगितले असते.

घरी येईपर्यंत विचार केला. आकडे म्हणतात फरक नाही. मग अक्कांना सांगून काय साधणार? प्रयोग मोडेल आणि पोराचे काही भले होणार नाही. मीही त्या छातीठोक माणसांतलाच एक होईन. नाही सांगितले.

१९ एप्रिल

प्राणेश घरी आला. हातापायांच्या काड्या झाल्या आहेत, पण मला बघून हसला. अक्कांनी मला पायरीवर बसवून घेतले आणि सरळच विचारले, "अण्णा, पाण्यामुळं झालं असेल का? इस्पितळातली ती नर्स पाण्याचं काही तरी म्हणत होती. तुम्ही त्यातले, म्हणून विचारते."

मी म्हणालो, "तेच तर बघतोय, अक्का. अजून ठाऊक नाही."

"सरी," त्या म्हणाल्या. "तुमची छबीपण हेच पाणी पिते. तिला सोसतं तर ह्यालाही सोसेल."

मी खोटे बोललो नाही. ठाऊक नाही हेच खरे आहे. आणि छबीचे त्या म्हणाल्या तेही खरे. तेवढ्या एका गोष्टीवर मी आज ताठ बसू शकलो.

२ मे

पुन्हा जुलाब. या वेळी उलट्याही.

४ मे

प्राणेश सकाळी साडेनऊला गेला. उमाकांतने त्याला दोन हातांवर धरून नेले, आम्ही चौघे मागून गेलो.

इस्पितळातून घरी आल्यावर पंधरा दिवस त्याला मिळाले होते. पंधरा दिवस मी दोन पावलांवर होतो.

प्रतिमा छबीला छातीशी धरून बसली आहे. म्हणाली, "अक्कांनी इतकं सगळं करूनही गेला हो." इतके सगळे म्हणजे काय, ते मला कळले नाही. दोघांनाही बोलायचे त्राण नव्हते.

१४ मे, रविवार

नियमाप्रमाणे आज 'पुढल्या वर्षी'च्या सहा क्रॉसमध्ये न कळवता तपासणी होती. आमचे घर सोडून एकाहत्तर घरे. मी आणि रघुजी निघालो. नियमच तसा म्हणून, नाहीतर मला या वहीचेही तोंड बघायचे नव्हते.

दुसऱ्या क्रॉसच्या पहिल्या घरात पाण्याची कळशी झाकलेली, वर खिळ्याला लांब दांड्याचे ओगराळे. असेल एखादे, म्हटले. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यात चुलीवर पाणी खळखळत होते. पाचव्या घरी मला राहवले नाही, बाईंना विचारले, हे तुम्हाला कोणी शिकवले?

"हळदीकुंकवाला मिळालं ना," त्या म्हणाल्या. "त्या नवव्या क्रॉसमधल्या प्रतिमाबाई... अय्यो, म्हणजे तुमच्याच घरच्या की!"

रघुजींनी वहीत डोके घातले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी. साठ घरांत ओगराळे निघाले. प्रतिमाने रथसप्तमीला चाळीस लुटली, प्रत्येकीला चार गोष्टी समजावून. त्यातल्या तिघींनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तेच वाण लुटले. चिठ्ठ्या टाकून मी बारा क्रॉसचे दोन भाग केले, आणि बायकांनी दोन सणांत ते परत एक केले.

घरी आलो तो तणतणतच. स्वयंपाकघरात गेलो. मला प्यायला पाणी नेहमी बाहेर तांब्यातून मिळते, आत कशाला बघायला जातो मी! झाकलेली कळशी, खिळ्याला ओगराळे. प्रतिमाने माझ्या तोंडाकडे बघितले आणि तिला कळले.

"रथसप्तमीपासून उकळते," ती म्हणाली. "तुम्ही कामावर गेलात की."

"सहा महिन्यांची माती केलीस!" मी ओरडलो. छबी रडायला लागली.

"कल्पनाबाईंनी चार गोष्टी सांगितल्या," प्रतिमा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तिसरी ऐकली आणि मला अरविंदचं पातेलं दिसलं. उकळत होतो आपण. पण त्यात पेला कोण बुडवत होतं? मी, तुम्ही, सासूबाई, येणारे-जाणारे. बोटांसकट. पहाटे उठून मी उकळायची आणि दिवसभर आपणच त्यात घाण घालायची. हे कळल्यावर मी गप्प बसू? तुमच्या चिठ्ठीसाठी?"

सहा वर्षांनी या घरात अरविंदचे नाव निघाले. मी खाली बसलो. राग कुठे गेला कळले नाही. मी म्हणालो, "मला सांगायचंस."

"तुम्ही नको म्हणाला असतात."

म्हणालो असतो.

मी विचारले, "सगळ्यांना सांगितलंस?"

"सगळ्यांना. आपल्या क्रॉसमध्ये तर एक घर सोडलं नाही."

"अक्कांना?"

ती शेजारच्या भिंतीकडे वळली. "त्यांना हळदीकुंकवाला कसं..." इतकेच म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "मला वाटलं सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. पोर आजारी पडलं तेव्हासुद्धा मला वाटलं, अक्का हे सगळं करतच असतील. माझ्या डोक्यातच आलं नाही हो." आणि भिंतीला डोके टेकून रडू लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला काय म्हणणार, मी तर जाणूनबुजून गप्प बसलो होतो.

१६ मे

आकडे पुन्हा मांडले. सहा महिन्यांत 'पुढल्या वर्षी'च्या क्रॉसमध्ये तेवीस मुले आजारी पडली. त्यातली सतरा, ज्या अकरा घरांत ओगराळे नाही तिथली. बाकीच्या साठ घरांत मिळून सहा.

ती अकरा घरे कोणती? चार घरांत सवाष्ण नाही. पाच घरे मुसलमान आणि ख्रिस्ती. दोन घरांतल्या बायकांशी वसाहतीचे बोलणे नाही. जिथे जिथे हळदीकुंकवाचे बोलावणे जात नाही, तिथे तिथे.

डॉक्टर सुधींद्र कागद बघून उठूनच उभे राहिले. "उपेंद्र, रकाने बदल! ओगराळं असलेली घरं एकीकडं, नसलेली दुसरीकडं. बघ कसं उठून दिसतं. काम वाचलं, तिघींची नोकरी वाचली."

मी नाही म्हणालो. चिठ्ठीने पडलेला फरक असता तर मी सही केली असती. ही घरे चिठ्ठीने वगळलेली नाहीत, आपण वगळलेली आहेत. ती एकटी आहेत, गरीब आहेत, कोणाच्या घरात आई नाही. पोरे पाण्याने आजारी पडली की या दुसऱ्या कशाने, ते या आकड्यांतून सुटे करता येत नाही. शास्त्र म्हणून हे सिद्ध होत नाही. बाप म्हणून मला शंका उरलेली नाही.

"मग लिहिणार काय?" त्यांनी विचारले.

"झालं ते सगळं."

२० मे

अहवाल दिला. प्रयोग फसला, तो माझ्या घरातून फसला, असे पहिल्याच पानावर लिहिले. आकडे दोन्ही तऱ्हांनी मांडले, दुसरी तऱ्हा पुरावा का नाही तेही लिहिले. घरे विभागताना माणसे एकमेकांकडे कशी जातात-येतात हे मी विचारलेच नाही, आणि कोण कोणाकडे जात नाही हे तर मनातही आले नाही, असे लिहिले. शेवटी शिफारस केली की वाट न बघता बाराही क्रॉसना शिकवावे. डॉक्टर सुधींद्रांनी वाचले आणि माझ्या सहीखाली आपली केली. सरकार काय करील ते करो. माझी इथून उचलबांगडी होईल असे दिसते.

अनुसूयाबाईंना बोलावून सांगितले की आता कुठेही बोलायला मोकळीक आहे. त्या म्हणाल्या, "नोकरी राहो न राहो. आधी त्या अकरा घरांत जाते." आणि छत्री उचलून चालू लागल्या. दारात थांबून म्हणाल्या, "दहा घरांत जाते, अण्णा. अकराव्या घरी तुम्ही जा."

२१ मे, रविवार

सकाळी अक्कांकडे गेलो. प्रतिमा म्हणाली, मीही येते. मी म्हणालो, आधी माझे मला बोलू दे.

अक्का पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर काही नसले तरी त्यांचा गुडघा हलत होता. मी खालच्या पायरीवर बसलो आणि सगळे सांगितले. चिठ्ठ्या, चार गोष्टी, मी कॉफी पीत असताना काय पाहिले ते, आणि त्यांनी सरळ विचारले तेव्हा मला काय सांगता आले असते ते.

मग त्याच माझी समजूत काढायला लागल्या. "चिठ्ठीला डोळे नसतात, अण्णा. आमच्या क्रॉसवर आली, आली. तुम्ही स्वतःच्या लेकरालापण वेगळं ठेवलं नाही. तीच चिठ्ठी तुमच्याही घरी होती. ते मी बघितलं आहे. त्यामुळं माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही."

इथे गप्प बसता आले असते. अक्कांनी मला सोडून दिले होते. उठून घरी यायचे, इतकेच राहिले होते.

मी म्हणालो, "नाही अक्का. आमच्या घरी पाणी उकळत होतं. मला ठाऊक नव्हतं, पण उकळत होतं. छबी तेच पीत होती."

त्यांचा गुडघा थांबला. "कधीपासून?"

"रथसप्तमीपासून. प्रतिमानं त्या दिवशी आलेल्या सगळ्या बायकांना सांगितलं."

त्या आमच्या दाराकडे बघत राहिल्या. दारात प्रतिमा उभी होती, तिला ऐकू जात होते.

"हां," अक्का म्हणाल्या. "त्या दिवशी मला बोलावलं नव्हतं."